संगीत महोत्सवाचे जुने चित्रण क्लाउडवर चढवताना आणि सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भरणाऱ्या संगीत महोत्सवाचे अठरा वर्षांचे चित्रण संस्थेकडे पाच हार्ड डिस्कवर साठले आहे. फाइली ६४० असून एकूण आकार सुमारे ३.६ टीबी आहे. सुरुवातीची वर्षे मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेली, मधली कॅमेऱ्याच्या कार्डावरची आणि अलीकडची काही मोबाइलवरची आहेत. सभासदांना आणि त्यांच्या परदेशी गेलेल्या मुलाबाळांना हे कार्यक्रम घरबसल्या पाहता यावेत म्हणून संस्थेने एका क्लाउड व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर खाते उघडले. आता तीन अडचणी आहेत. मोठ्या फाइली साठ-सत्तर टक्क्यांवर अडकतात. जे चढले त्यात काही कार्यक्रम दोनदा दिसतात आणि काही सापडतच नाहीत. आणि सगळे चढले की हार्ड डिस्क रिकाम्या करून यंदाच्या महोत्सवाला वापराव्यात, असा कार्यवाहांचा आग्रह आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो, पण बाकीचे सारे त्यावरच अवलंबून असल्याने एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. व्हिडिओ प्लॅटफॉर्म म्हणजे तिजोरी नव्हे. आपण दिलेली फाइल उघडून तो तिच्या लहानमोठ्या अनेक प्रती नव्याने तयार करतो, प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापतो आणि पाहणाऱ्याच्या इंटरनेटचा वेग बघून योग्य त्या प्रतीचा पुढचा तुकडा त्याच्याकडे पाठवतो. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत अशीच चालते आणि आज बहुतेक प्लॅटफॉर्म तीच वापरतात. म्हणजे पडद्यावर जे दिसते ती आपली फाइल नसते, तिच्यावरून केलेली नक्कल असते. मूळ फाइल प्लॅटफॉर्म ठेवतो की नाही, ठेवलीच तर ती जशीच्या तशी परत उतरवून घेता येते की नाही, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते आणि करारात शोधावे लागते. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही आपली अ‍ॅझ्युअर मीडिया सर्व्हिसेस ही व्हिडिओ साठवून दाखवण्याची सेवा ३० जून २०२४ रोजी बंद केली. वर्षभर आधी सूचना मिळाली होती, त्यामुळे ज्यांच्याकडे मूळ फाइली हाताशी होत्या त्यांचे काम एका स्थलांतरापुरते वाढले. ज्यांच्याकडे त्या नव्हत्या, त्यांना नकलेचीच नक्कल करावी लागली असणार.

म्हणून माझा सल्ला असा की आपण प्लॅटफॉर्मवर थेट काही चढवू नका. मूळ फाइली आधी साध्या क्लाउड साठवणुकीत, म्हणजे अ‍ॅमेझॉन एस-३ किंवा गूगल क्लाउड स्टोरेज यांसारख्या ठिकाणी बकेट (फाइली ठेवण्याचा कप्पा) उघडून तिथे ठेवा, आणि प्लॅटफॉर्मला तिथून फाइल उचलायला सांगा. बरेचसे व्हिडिओ प्लॅटफॉर्म फाइलऐवजी तिची लिंक दिली तरी स्वीकारतात आणि ती परस्पर ओढून घेतात. यातला फायदा हिशेबाने सांगतो. आपल्या कार्यालयातून फाइल वर चढण्याचा वेग २० एमबीपीएस आहे असे आपण कळवले आहे. इथला 'बी' बिटचा आहे, बाइटचा नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. ३.६ टीबी चढवायला या वेगाने ४०० तास लागतात, म्हणजे रात्रंदिवस न थांबता जवळजवळ सतरा दिवस. पुढे कधी प्लॅटफॉर्म बदलावा लागला, किंवा एखादी चूक सापडून सगळे पुन्हा द्यावे लागले, तर हे सतरा दिवस पुन्हा कोण बसणार? बकेटमधून प्लॅटफॉर्मकडे फाइल जाते ती मात्र माहिती केंद्रातून माहिती केंद्रात, मिनिटांच्या हिशेबात. आपली संथ लाइन एकदाच वापरली जाते. बकेटमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे शुल्क बहुतेक कंपन्या घेतात, ते मात्र या हिशेबात धरावे लागेल.

आता साठ-सत्तर टक्क्यांवर अडकण्याविषयी. ब्राउझरमधून 'अपलोड'चे बटण दाबल्यावर पुष्कळदा पूर्ण फाइल एकाच विनंतीत जाते, आणि ती विनंती मध्ये तुटली की गेलेले सगळे वाया जाते. आपली १३ जीबीची एक मिनीडीव्ही फाइल, म्हणजे कॅसेटचा एक तास, २० एमबीपीएसला साधारण दीड तास घेते. या दीड तासात लॅपटॉप झोपी जाऊ नये, वीज जाऊन राउटर बंद पडू नये आणि लॉगिनची मुदत संपू नये, अशा तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. राउटर इन्व्हर्टरवर घेणे आणि लॅपटॉपची झोप बंद करणे हे उपाय आजच करण्यासारखे आहेत, पण खरा उपाय तुकड्यातुकड्यांनी चढवण्याचा आहे. या पद्धतीत फाइलचे भाग करून प्रत्येक भाग वेगळा पाठवला जातो, पोहोचलेल्या भागाची नोंद राहते आणि खंड पडला तर फक्त राहिलेले भाग जातात. एस-३मध्ये ५ जीबीपेक्षा मोठी फाइल एका विनंतीत घेतलीच जात नाही. तिचे जास्तीत जास्त १०,००० भाग करता येतात आणि शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा असावा लागतो. म्हणजे ५ एमबीचेच भाग ठेवले तर ५० जीबीच्या आसपास भागांची मर्यादा संपते आणि त्यापुढच्या फाइलला भागाचा आकार वाढवावा लागतो. गूगलच्या साठवणुकीत अर्धवट राहिलेले चढवणे आठवडाभरात पूर्ण करावे लागते, त्यानंतर ते रद्द होते. व्हिमिओ आणि क्लाउडफ्लेअर स्ट्रीम या व्हिडिओ प्लॅटफॉर्मनी यासाठी 'टस' नावाची खुली पद्धत स्वीकारली आहे, आणि क्लाउडफ्लेअरमध्ये २०० एमबीच्या वरच्या फाइलला ती सक्तीचीच आहे. आपण एवढे तपशील पाठ करण्याची गरज नाही. बकेटसाठी आरक्लोन हे मोफत साधन घ्या; ते भाग पाडणे, अडखळल्यास पुन्हा प्रयत्न करणे आणि आधी पोहोचलेल्या फाइली वगळणे ही कामे स्वतःच करते. रात्री लावून ठेवायचे आणि सकाळी त्याने लिहिलेली नोंद वाचायची.

एक खाचखळगा मात्र लक्षात असू द्या. एस-३वर अर्धवट तुटलेल्या चढवण्याचे पोहोचलेले भाग फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे भाडे दरमहा लागत राहते. ठरावीक दिवसांनी असे भाग आपोआप पुसण्याचा नियम बकेटवर लावता येतो. खाते उघडल्यावर मी तो पहिल्याच दिवशी, सात दिवसांचा, लावतो.

दुसरी अडचण, दोनदा दिसणे आणि न सापडणे, ही इंटरनेटची नाही; नावांची आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावर फाइलींची नावे ००००१, ००००२ अशी पडतात आणि दर वर्षी, दर कार्डावर पुन्हा तीच पडतात. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांचे चित्रण बकेटमध्ये ठेवताना मी दोन वर्षांची कार्डे एकाच फोल्डरमध्ये लागोपाठ ओतली. एकाच नावाची दुसरी फाइल आली की पहिलीवर ती निमूटपणे लिहिली जाते. ना चेतावणी, ना तक्रार. शेवटी मोजल्या तेव्हा ८४ फाइलींच्या ६१ भरल्या. डिस्क अजून पुसली नव्हती म्हणून निभावले. तेव्हापासून बकेटवर आवृत्त्या जपण्याची सोय चालू केल्याशिवाय मी त्यात पहिली फाइलही टाकत नाही.

त्यामुळे चढवण्याच्या आधी एक नोंदवही करावी लागेल, आणि या सबंध कामात सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा असे माझे मत आहे. साध्या स्प्रेडशीटमध्ये ६४० ओळी. प्रत्येक कार्यक्रमाला संस्थेचा स्वतःचा दाखल क्रमांक द्यायचा: वर्ष, सत्र आणि त्या सत्रातील कितवा कार्यक्रम, उदाहरणार्थ २०१४-०२-०३. हा क्रमांक इंग्रजी अंकांत (0 ते 9) आणि जोडरेषांसह लिहून तोच फाइलचे नाव म्हणून वापरायचा. पुढच्या रकान्यांत फाइलचे मूळ नाव, ती कोणत्या डिस्कवर होती, बाइटमधला नेमका आकार, लांबी आणि एसएचए-२५६चा ठसा. हा ठसा म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ६४ अक्षरांची खूण. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती सगळी बदलते. दोन फाइलींचा ठसा एकच असेल तर त्या डोळे झाकून एकच समजाव्यात. उलट मात्र खरे नाही. ठसे वेगळे आले तरी कार्यक्रम एकच असू शकतो, कारण एक चित्रण डाव्या बाजूच्या कॅमेऱ्याचे असेल किंवा एक पूर्ण आणि दुसरे संपादित असेल. अशा जोड्या लांबी आणि तारीख जुळवून माणसानेच पाहाव्या लागतात. चढवून झाल्यावर फाइल सुखरूप पोहोचली का, हेही याच ठशावरून ताडता येते. फक्त एस-३ प्रत्येक फाइलपुढे जी खूण दाखवतो त्या 'ईटॅग'वर विसंबू नका, कारण तुकड्यांनी चढवलेल्या फाइलचा ईटॅग हा अख्ख्या फाइलच्या मजकुराचा ठसा नसतो. माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी तो जुळत नाही म्हणून चांगल्या फाइली पुन्हा चढवल्या आहेत.

फाइलची नावे देवनागरीत का नकोत, असे आपण विचाराल. मराठीचा अभिमान असूनही मी नको म्हणतो, आणि त्याला कारण आहे. 'कऱ्हाड' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एकात स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असलेला 'ऱ' वापरला जातो. दुसऱ्यात, 'कर्‍हाड' लिहिताना, साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र हे दोन निराळे शब्द आहेत. एका स्वयंसेवकाच्या मोबाइलवरून एक आणि कार्यालयाच्या संगणकावरून दुसरा आला की एकाच कलाकाराचा कार्यक्रम दोन ठिकाणी विभागतो आणि शोधात एक सापडतो, दुसरा सापडत नाही. 'अ‍ॅ'चीही हीच गत आहे. शिवाय यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट घेते, तर लिनक्सवर चालणाऱ्या साठवणुकींत फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते. म्हणजे अक्षरे-मात्रा मिळून ८५ झाल्या की नाव संपले. 'पहिले सत्र' पासून साथीदारांपर्यंत सगळी नावे फाइलच्या नावातच घालण्याची आपल्याकडची सवय विंडोजवर खपते आणि अशा ठिकाणी अडते.

देवनागरीची जागा शीर्षकात, वर्णनात आणि शोधशब्दांत आहे आणि तिथे ती हक्काने, पण शिस्तीने असावी. 'मालकंस' लिहायचे की 'मालकौंस', 'भीमपलास' की 'भीमपलासी', हे एकदा ठरवून रागांची, तालांची आणि कलाकारांची यादी करा आणि नोंद करणाऱ्याला त्या यादीतूनच निवडायला लावा. दुसरे रूप शोधशब्द म्हणून जोडले की झाले. जुन्या निमंत्रणपत्रिकांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर तो तसाच चिकटवू नका, आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा. नाहीतर प्लॅटफॉर्मवर निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी दिसतील. आणि ही नोंदवही एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हे होतात, आणि बंद केलेल्या फाइलमधून ती परत मिळत नाहीत.

आता चित्राकडे. मिनीडीव्हीच्या फाइली तशाच प्लॅटफॉर्मला देऊ नयेत. हे चित्रण ७२० बाय ५७६ बिंदूंचे (पिक्सेलचे) आणि विणीचे (इंटरलेस्ड) असते, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे, एकात विषम ओळी आणि पुढच्यात सम. जुन्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसे. आजच्या पडद्यावर त्या दोन अर्ध्या भागांची एक चौकट (फ्रेम) केली की स्थिर बसलेला तानपुरावाला नीट दिसतो, पण द्रुत लयीत तबलजीच्या बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात. आपण पाठवलेल्या नमुन्यात नेमके तेच झाले आहे. त्यातच गायकाचा चेहरा उभट दिसतो, याचे कारण वेगळे आहे: डीव्हीचे बिंदू चौरस नसतात, आणि प्लॅटफॉर्मने ते चौरस धरले की चित्र दोन्ही बाजूंनी दाबले जाते. दोन्ही दोष एफएफएमपेग या मोफत साधनाने एकाच फेरीत जातात. त्यातल्या 'बीडब्ल्यूडीआयएफ' या गाळणीने (फिल्टरने) विण सोडवून सेकंदाला ५० पूर्ण चौकटी कराव्यात आणि बिंदू चौरस करून ४:३चे चित्र ७६८ बाय ५७६चे करावे. ५०च्या २५ चौकटी करू नका. हालचालीतली निम्मी माहिती त्यात जाते आणि तबल्यावर ते लगेच कळते. ही सुधारलेली फाइल प्लॅटफॉर्मसाठी. बकेटमध्ये मूळ डीव्ही फाइल जशी आहे तशीच जाईल, कारण विण सोडवण्याच्या गाळण्या सुधारत जातात आणि मूळ असेल तर पुढे पुन्हा करता येते.

कार्डावरच्या वर्षांचा प्रश्न निराळा आहे. त्या कॅमेऱ्यांनी सलग दोन तासांच्या मैफलीचे आकाराच्या मर्यादेमुळे तीन-चार तुकडे केलेले असतात. ते तुकडे सुटे चढवले की प्रत्येक जोडावर आवाजाचा किंचित झटका बसतो, आणि तो हमखास आलापाच्या मध्यावर येतो. तुकडे पुन्हा एनकोड न करता, म्हणजे चित्र-आवाज नव्याने न दाबता, जसेच्या तसे सलग जोडावेत, आणि कार्डाचे संपूर्ण फोल्डर हात न लावता जपावे.

मोबाइलच्या चित्रणात चौकटींचा वेग बदलता असतो. काही साधने तो स्थिर धरून चालतात, आणि मग सुरुवातीला नीट असलेले चित्र आणि आवाज हळूहळू फाकतात. तासाभराने समेवर हात पडलेला दिसतो आणि थाप मागाहून ऐकू येते. म्हणून तपासणी सुरुवातीची दोन मिनिटे पाहून करू नये, शेवटची पाहून करावी. अशा फाइली सेकंदाला ठरावीक चौकटींच्या करून मगच द्याव्यात.

आपल्या यादीत ११ जीबीची एक फाइल 'नादुरुस्त' म्हणून बाजूला काढलेली दिसते. ती टाकून देऊ नका. एमपी४ फाइलमध्ये कोणते चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबवताना, शेवटी लिहिली जाते. बॅटरी संपून कॅमेरा एकाएकी बंद पडला तर चित्र असते पण अनुक्रमणिका नसते, आणि कोणताही प्लेअर ती उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत घेतलेली एखादी चांगली फाइल नमुन्यादाखल दिली तर अशी फाइल पुष्कळदा दुरुस्त होते. याच अनुक्रमणिकेमुळे आणखी एक गोष्ट: एमपी४ फाइल कोणाला थेट लिंकने पाहायला द्यायची असेल तर एफएफएमपेगमधील 'फास्टस्टार्ट' हा पर्याय वापरून ती सुरुवातीला आणून ठेवावी.

प्लॅटफॉर्मवर 'शंभर टक्के' दिसले म्हणजे काम झाले, असे समजू नये. तो फक्त फाइल पोहोचल्याचा आकडा असतो. त्यानंतर प्रती तयार होतात आणि मोठ्या फाइलला त्याला बराच वेळ लागू शकतो. नोंदवहीत 'चढली', 'तयार झाली' आणि 'माणसाने पाहिली' असे तीन वेगळे रकाने ठेवा, आणि प्लॅटफॉर्मने दिलेला ओळखक्रमांक दाखल क्रमांकाच्या शेजारी लिहा. संस्थेच्या संकेतस्थळावर, पत्रकांत, सभासदांना पाठवायच्या संदेशांत सगळीकडे दाखल क्रमांकच वापरावा. चुकीची फाइल सुधारून द्यायची वेळ येतेच. व्हिमिओवर लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते, यूट्यूबवर बदलता येत नाही. तिथे नवी फाइल म्हणजे नवा पत्ता.

खाजगीपणाबद्दल एवढेच की 'अनलिस्टेड', म्हणजे यादीत आणि शोधात न दिसणारा व्हिडिओ, हा खाजगी नव्हे. ज्याच्या हाती लिंक पडेल तो पाहू शकतो, आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पडलेली लिंक दुपारपर्यंत कुठे पोहोचेल हे सांगता येत नाही. केवळ सभासदांपुरते ठेवायचे असेल तर मुदतीची, स्वाक्षरीयुक्त (प्लॅटफॉर्मला पडताळता येणारी सांकेतिक खूण असलेली) लिंक देणारा प्लॅटफॉर्म हवा. आणि कलाकारांची लेखी परवानगी हवी. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क ५० वर्षे राहतो. त्या वेळी चित्रणाला दिलेली तोंडी संमती इंटरनेटवर दाखवण्यालाही लागू होते असे गृहीत धरू नये.

खर्चाचा विचार करताना आकारणी कशावर आहे ते आधी पाहा. बकेट जीबीवर पैसे घेते, तर क्लाउडफ्लेअर स्ट्रीमसारखा प्लॅटफॉर्म साठवलेल्या आणि पाहिलेल्या मिनिटांवर घेतो. तिथे फाइल दाबून लहान केल्याने एक पैसाही वाचत नाही, फक्त चित्र बिघडते. उलट तीन तासांच्या चित्रणातला वाद्ये लावण्याचा आणि सत्काराचा पाऊण तास प्लॅटफॉर्मच्या प्रतीतून कापला तर खरोखर वाचतो. मूळ फाइली बकेटच्या स्वस्त, थंड वर्गात (क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीच्या) ठेवता येतात, पण त्या प्लॅटफॉर्मने उचलून झाल्यावरच. एस-३च्या सर्वांत स्वस्त वर्गातून फाइल परत मिळायला नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत लागू शकतात आणि किमान १८० दिवसांचे भाडे भरावेच लागते.

आता कार्यवाहांच्या हार्ड डिस्कचा प्रश्न. यंदाच्या महोत्सवासाठी नव्या डिस्क घ्या. जुन्या पाचही डिस्कमधले सगळे एका ४ टीबीच्या डिस्कवर उतरवून, ठसे जुळवून, ती गावाबाहेर कोणा विश्वासू सभासदाच्या घरी ठेवा. बकेटमधली प्रत, ही डिस्क आणि कार्यालयातल्या पाच डिस्क, अशा तीन प्रती झाल्या आणि त्यांतील दोन कार्यालयाबाहेर. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या डिस्क जोडून ठसे पुन्हा काढावेत. मिनीडीव्हीच्या कॅसेट अजून कपाटात असतील तर त्याही राहू द्या, मात्र त्या चालवणारा कॅमेरा किंवा डेक (कॅसेट वाजवण्याचे यंत्र) आता सहज मिळत नाही. ज्या सहा कॅसेटपुढे आपण 'आवाज तुटतो' असे लिहिले आहे, त्या या पावसाळ्याआधी दुसऱ्या डेकवर एकदा चालवून पाहा. पुष्कळदा दोष फितीत नसून आधी वापरलेल्या डेकच्या, फीत वाचणाऱ्या हेडमध्ये असतो.